पवनचक्की बघायची तर चरातल्या पाण्याकडे बघा

इकडे नेदरलँड्सला पाहुणे आले की पहिली फर्माईश पवनचक्कीची असते. आई-बाबा, मावशी, पुण्याहून आलेला कॉलेजचा मित्र, सगळ्यांचं एकच. मग आपण त्यांना गाडीत घालून झान्स स्खान्सला नेतो, चीज चाखतो, लाकडी बुटांसोबत फोटो काढतो आणि दोन तासांत परत. जागा सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण तिथल्या बऱ्याचशा चक्क्या आणि हिरवी लाकडी घरं मूळची तिथली नाहीत, झान नदीच्या आसपासच्या गावांत होती, पाडली जाणार होती म्हणून १९६० च्या दशकापासून एक-एक उचलून तिथे आणून उभी केलीत. आणि त्या चक्क्या होत्या कशाच्या तर लाकूड कापायच्या, तेल गाळायच्या, रंग दळायच्या, म्हणजे त्या काळातले कारखानेच. हा देश ज्यांनी कोरडा केला त्या पाणी उपसणाऱ्या चक्क्या वेगळ्या, आणि त्या बघायच्या असतील तर माझं प्रामाणिक मत असं आहे की गाडी घरी ठेवा आणि सायकल काढा.

हे मी व्यायामासाठी किंवा पर्यावरणासाठी म्हणत नाहीये. सायकलवर या देशाची उंची-खोली पायांना कळते, गाडीत ती कळतच नाही. सपाट देश, सपाट देश म्हणतात ना, तो सपाट अजिबात नाहीये, फक्त या पश्चिमेकडच्या भागात त्याचे चढ-उतार दोन-चार मीटरचे आहेत आणि ते जवळपास सगळे माणसाने केलेले आहेत. रस्ता चुकायचीही भीती नसते, कारण सायकलच्या वाटांवर जिथे दोन वाटा मिळतात तिथे नंबर लावलेले असतात, निघताना पाच-सहा नंबर कागदावर लिहून घ्यायचे आणि एका नंबरावरून दुसऱ्यावर जात राहायचं. ही पद्धत मूळची शेजारच्या बेल्जियमची, तिथल्या एका मायनिंग इंजिनिअरने १९९० च्या दशकात बसवली आणि डच लोकांनी ती लगेच उचलली.

तर एक जागा सांगतो, जी मला अख्ख्या देशात सगळ्यात जास्त शिकवून गेली. डी राइप नावाचं गाव आहे, अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला. गावातून बाहेर पडून तुम्ही बांधावर चढलात की सायकल थांबवा. एका हाताला जुनी जमीन आहे, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी स्पंजासारखी माती, तिच्यात वेडेवाकडे चर, चरांत पाणी अगदी काठोकाठ, काही शेतांवर तर होडीनेच जावं लागतं. दुसऱ्या हाताला बेम्स्टर. तिकडे मान खाली करून बघावं लागतं, घरांची छपरं जवळजवळ तुमच्या चाकांच्या लेव्हलला, आणि मध्ये कालवा आहे त्याचं पाणी त्या घरांच्या अंगणापेक्षा कितीतरी वर. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा पोटात गोळा आला होता. शेत, गाई, शाळेतून घरी चाललेली मुलं, हे सगळं एका तळ्याच्या तळाशी चाललंय आणि तळं कोरडं आहे एवढंच.

बेम्स्टर हे खरंच तळं होतं. १६०७ मध्ये काम करायची परवानगी मिळाली, १६१० मध्ये वादळात बांध फुटून केलेलं सगळं पाण्यात गेलं, परत सुरुवात केली आणि १६१२ मध्ये तळ दिसला. चाळीसहून जास्त पवनचक्क्या लागल्या, आणि त्या चक्क्यांचं काम बघणारा यान आद्रियानस्झोन लेखवाटर याच डी राइप भागातला. पैसा कुणाचा, तर अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचा, त्यातला डिर्क फान ओस हा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या संचालकांपैकी एक. तीच कंपनी जिने पुढे १६३७ च्या सुमाराला आपल्या वेंगुर्ल्याला वखार टाकली. मसाल्यातून आलेला नफा तळं उपसायला लागला, आणि तळाच्या चिकण मातीतून सोन्यासारखी शेतजमीन निघाली. आज बेम्स्टर जागतिक वारसा आहे, १९९९ पासून, आणि गंमत नाही तर खरोखर विचार करायची गोष्ट ही की तिथे पाणी उपसणारी एकही जुनी चक्की उरलेली नाही. वारसा म्हणून जपलंय ते काय, तर सरळ रेषेत आखलेले रस्ते, चर, चौकोनी शेतं.

शेजारच्या स्खेर्मरचं तसंच, ते १६३५ मध्ये कोरडं झालं, तिथे ५२ चक्क्या होत्या, आता ११ आहेत. एवढ्या का लागायच्या तर एक चक्की पाणी साधारण दीडेक मीटरच उचलू शकते, तळ त्याहून खोल असला की चक्क्या पायऱ्यांसारख्या लावायच्या, पहिलीने उचलून दुसरीच्या चरात टाकायचं, दुसरीने तिसरीच्या. सायकलवरून जाताना एका रांगेत तीन-चार चक्क्या दिसल्या ना की लक्षात ठेवा, ती शोभेची रांग नाहीये, तो जिना आहे.

आता मुद्द्यावर येतो. या देशाची गोष्ट सगळीकडे एकाच पद्धतीने सांगितली जाते, डच लोकांनी समुद्राला हरवलं आणि पवनचक्की हे त्या विजयाचं चिन्ह. तळ्यांच्या बाबतीत हे ठीक आहे. पण पश्चिम नेदरलँड्सचा मोठा भाग तळ्याचा नाही, पीटचा आहे, आणि तिथली गोष्ट उलटी आहे. हजारेक वर्षांपूर्वी लोकांनी ते दलदलीचे उंचवटे शेतीला घेतले तेव्हा ती जमीन समुद्राच्या वर होती. वर! चर खणले, पाणी आपसूक नदीला जाऊन मिळालं, धान्य पिकलं. पण पीटमधलं पाणी गेलं की ते आक्रसतं, त्यात हवा शिरते आणि मग ते अक्षरशः कुजून हवेत उडून जातं, कार्बन डायऑक्साइड होऊन. जमीन खाली बसते. खाली बसली की परत ओली होते. ओली झाली की चर आणखी खोल. असं करत करत धान्य पिकवणं अशक्य झालं, म्हणून गाई आल्या, म्हणजे ज्याला आपण टिपिकल डच देखावा म्हणतो तो मुळात नाइलाजाने आलेला आहे. आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, जेव्हा पाणी आपण होऊन नदीला जाईनासं झालं तेव्हा उपसायला पवनचक्की आली. चक्कीने जमीन वाचवली हे खरंच आहे, पण चक्कीमुळेच जमीन आणखी खाली नेता आली हेही तितकंच खरं आहे, आणि चक्कीच्या जागी वाफेचे पंप आले, मग डिझेलचे, मग विजेचे, तसा खाली जायचा वेग वाढतच गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात देशात नऊ-दहा हजार चक्क्या होत्या, आता बाराशेच्या आसपास आहेत, पण उपसा कमी नाही झाला, वाढला.

हे अजूनही चालू आहे. काही ठिकाणी पीटची जमीन वर्षाला एक सेंटीमीटरपर्यंत खचतेय. खाउडा शहरातल्या जुन्या भागात पाणी दारापर्यंत आलेलं दिसतं, खेड्यांत रस्ते लाटांसारखे झालेत, त्यावरून सायकल चालवताना हँडल हातात नाचतं. पुलाला खाली खोल खांब असतात म्हणून पूल जागेवर राहतो आणि दोन्हीकडचा रस्ता खाली जातो, त्यामुळे प्रत्येक पुलावर चढताना एक धक्का बसतो. मला तो धक्का आता ओळखीचा झालाय, तो बसला की समजायचं आपण पीटवर आहोत.

म्हणून सध्या या देशात जो वाद चाललाय तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पीटच्या कुरणांतल्या पाण्याची पातळी वाढवायची की नाही. आत्तापर्यंतचा नियम असा की शेतीला जशी हवी तशी पाण्याची पातळी ठेवायची, ट्रॅक्टर रुतायला नको, गाईंचे पाय रुतायला नकोत, म्हणून पाणी खाली. २०१९ च्या डच हवामान करारात पीटच्या भागातून होणारं उत्सर्जन २०३० पर्यंत वर्षाला दहा लाख टनांनी कमी करायचं ठरलं, आणि २०२२ मध्ये सरकारने सांगितलं की यापुढे पाणी आणि माती काय झेपवू शकते त्यावर जमिनीचा वापर ठरेल, पीटमध्ये भूजल जमिनीच्या खाली २० ते ४० सेंटीमीटरवर आणायचं. यावर जे विरोधाचे मुद्दे येतात त्यातला एक मला मनापासून खटकतो. तो म्हणजे असं केलंत तर आपला लँडस्केप जाईल. हिरवं कुरण, काळ्या-पांढऱ्या गाई, मागे पवनचक्की, हे चित्र बिघडेल. बोरू वाढतील, पाणकणसं वाढतील, पाणी साचलेलं दिसेल.

पण कुठलं चित्र? १२०० सालचं, जेव्हा तिथे धान्य होतं? १६५० चं? की १८५० चं, जेव्हा नजर जाईल तिथे चक्क्या होत्या? जे कुरण आपण सनातन समजतोय ते आजच्या रूपात, म्हणजे असं कोरडं ठणठणीत, एकाच जातीच्या गवताचं, वर्षातून पाच-पाच वेळा कापलं जाणारं, दुसऱ्या महायुद्धानंतरचं आहे, विजेच्या पंपांचं आहे. पवनचक्कीच्या काळात एवढं खाली पाणी नेणं शक्यच नव्हतं, वारा पडला की उपसा बंद, हिवाळ्यात कुरणं पाण्याखाली जायची हे सगळ्यांनी धरलेलं असायचं. ग्रुटो म्हणून लांब चोचीचा पक्षी आहे, इथला राष्ट्रीय पक्षी, त्याला चोच खुपसायला मऊ ओली जमीन लागते, आणि तो कमी कमी होत चाललाय तो याच कोरडेपणामुळे आणि लवकर होणाऱ्या कापणीमुळे. म्हणजे पवनचक्कीचं नाव घेऊन पाणी वाढवायला विरोध करणं हे पवनचक्कीच्याच इतिहासाच्या विरुद्ध आहे. ज्यांना चक्क्यांचा लँडस्केप खरोखर प्रिय आहे त्यांनी पाणी वाढवायच्या बाजूने उभं राहायला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

शेतकऱ्यांची बाजू मी हलक्यात घेत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात सायकलवरून जाताना गावोगावी झेंडे उलटे लावलेले बघितलेत, दिव्याच्या खांबांवर, गोठ्यांवर, पुलांवर. तो राग मुख्यतः नायट्रोजनच्या, म्हणजे गाईंच्या शेणा-मुतातून होणाऱ्या प्रदूषणाच्या, नियमांवरून होता पण मुळात गोष्ट एकच, तुम्हीच आम्हाला चाळीस-पन्नास वर्षं सांगितलंत की गाई वाढवा, कर्ज काढा, पाणी खाली करून देतो, आणि आता म्हणता चुकलंच. हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. म्हणून माझं म्हणणं असं की पाणी वाढवा पण त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नका. रस्ते खचतात त्याचे पैसे सगळेच भरतात, घरांचे पाये खराब होतात ते लोक आपल्या खिशातून भरतात, मग जमीन खचणं थांबवायचे पैसेही सगळ्यांनी भरावेत, शहरातल्यांनी तर आधी. कमी गाई, ओल्या जमिनीवर चालतील अशी हलकी यंत्रं, पाणकणसं लावून त्यापासून घरांसाठी इन्सुलेशन, असे प्रयोग चालू आहेत, पण बँकेचा हप्ता प्रयोगावर भरता येत नाही, त्याला पंधरा-वीस वर्षांची लेखी हमी लागते.

मे महिन्याच्या दुसऱ्या वीकएंडला इथे राष्ट्रीय चक्की दिवस असतो, देशभरात शेकडो चक्क्या उघड्या असतात आणि फिरत असतात. दोन वर्षांपूर्वी मी ग्रीन हार्ट, म्हणजे पश्चिमेकडच्या मोठ्या शहरांच्या मधला हिरवा पट्टा, त्या भागातल्या एका छोट्या चक्कीत गेलो होतो. चालवणारे काका सत्तरीचे, रिटायर्ड, व्हॉलंटिअर. अशा लोकांची संघटना १९७२ पासून आहे, शिकून परीक्षा देऊन हे लोक चक्की चालवतात, आणि २०१७ मध्ये त्यांच्या या कौशल्याला युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. काकांनी आधी बाहेर येऊन आभाळ बघितलं, मग मागच्या लांब लाकडी शेपटीला लागलेलं चाक हाता-पायांनी फिरवून चक्कीची अख्खी टोपी वाऱ्याकडे वळवली, एवढं धूड, आणि ते इंच इंच करकरत वळलं. मग एकेक पातं खाली आणून त्यावर शिडासारखं चढून कापड पसरलं. ब्रेक सोडला. आत मधमाशीच्या मेणाचा वास येत होता, लाकडी दात्यांना ते मेण लावतात, आणि मोठ्या दगडी बेअरिंगला डुकराची चरबी. मजला थरथरायला लागला. खाली फळ्यांचं चाक पाण्यात धप धप धप करत फिरत होतं आणि चरातलं पाणी, ज्याच्याकडे मी येताना ढुंकूनही बघितलं नव्हतं, ते हळूहळू सरकायला लागलं. काकांनी मला पाती नाही दाखवली, चराच्या कडेची पट्टी दाखवली, निळी-पांढरी, आकड्यांची. म्हणाले, आम्ही दिवसभर हीच बघतो.

अशी चक्की जिवंत राहायची तर तिला वारा मिळायला हवा, आणि याबाबतीत मी जुन्या मताचा आहे. चक्कीच्या आसपास किती उंच बांधायचं, किती उंच झाडं लावायची याचे नियम आहेत, ते पाळलेच पाहिजेत. घरांची टंचाई आहे मान्य, पण चक्कीच्या तोंडासमोर सहा मजले चढवले की ती चक्की उरत नाही, शो-पीस उरतो. आर्लांडरफेनला चार चक्क्यांचा जिना आजही वाऱ्यावर पाणी उपसून पोल्डर, म्हणजे बांधाच्या आतली सखल जमीन, कोरडा ठेवतो, चार चक्क्यांची असं रोजचं काम करणारी रांग जगात ही एकच. किंडरडाइकच्या १९ चक्क्या, ज्यातल्या बहुतेक १७४० च्या आसपासच्या आहेत, त्यांनी दुसऱ्या महायुद्धात इंधन नव्हतं तेव्हा परत खऱ्याखुऱ्या पंपाचं काम केलं होतं. २०१४ च्या जुलैमध्ये अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ विमान युक्रेनवर पाडलं गेलं, त्यात १९६ डच माणसं गेली, तेव्हा ठिकठिकाणच्या चक्क्यांची पाती शोकाच्या स्थितीत थांबवली होती, सगळ्यात वरच्या बिंदूच्या किंचित पुढे. हे कुणाला करावंसं वाटतं कारण तिथे रोज येणारं माणूस आहे. पण त्याच तोंडाने मी हेही म्हणतो की नव्या उंच टर्बाइन्सना सरसकट नाही म्हणायला जुन्या चक्कीला पुढे करू नका. उर्कजवळच्या बांधालगत ८६ टर्बाइन्सचं विंडपार्क झालं तेव्हा केवढा विरोध झाला, उर्कचं रूप बिघडेल म्हणून. मी त्या बांधावरून सायकल चालवलीय. उर्क हे १९३९ पर्यंत बेट होतं, चारी बाजूंनी पाणी, माणसांनी त्याच्या आसपासचं चित्र एकदा पार बदललेलंच आहे.

मला हे एवढं का लागतं त्याचं एक कारण घरातलं आहे. आमचं गाव अलिबागकडच्या खारेपाटातलं. आमचंही भाताचं शेत खाडीच्या बांधाच्या आत होतं, भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बंद, ओहोटीला उघडी, पावसाचं पाणी बाहेर आणि खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. आजोबा सांगायचे की बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की अख्खा गाव रात्री चिखल घेऊन जायचा, कुणाच्या शेताजवळ पडली हे कुणी विचारत नसे. नंतर ते जायचं कमी झालं, बांध सरकारचा झाला, तक्रारअर्ज झाले, आणि एका वर्षी खांड पडली ती पडलीच. खारं पाणी आत आलं, आमच्या शेतात आता तिवरं आहेत. बांध आणि पाण्याची पातळी ही दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी आहे असं एकदा सगळ्यांना वाटलं की काय होतं हे मी बघितलंय.

इथे ते अजून तसं झालेलं नाही, कारण इथे पाण्याचं वेगळं सरकारच आहे, वाटरस्खाप, देशात अशी २१ आहेत, काहींची मुळं तेराव्या शतकातली. आणि हे इथल्या मराठी लोकांना मुद्दाम सांगायचंय, कारण अ‍ॅमस्टेलफेनपासून आइंडहोवनपर्यंत आपले कितीतरी लोक दरवर्षी त्यांचं बिल भरतात आणि कशाचं बिल आहे हे बघतसुद्धा नाहीत. वाटरस्खापच्या निवडणुकीत डच पासपोर्ट नसलेल्यांनाही, इथे कायदेशीर राहत असतील तर, मत देता येतं. २०२३ च्या मार्चमध्ये झाली, चार वर्षांनी होते. चराचं पाणी किती वर ठेवायचं हे तिथे ठरतं. पार्टीत कुणी म्हणतं आपला काय संबंध, तर संबंध असा की आपली पोरं इथे पोहायला शिकतात, आपलं घर इथल्या मातीत रोवलेल्या खांबांवर उभं आहे, आणि शिफॉलला आपलं विमान उतरतं ती धावपट्टीसुद्धा तळ्याच्या तळाशी आहे, १८५२ मध्ये तीन वाफेच्या पंपांनी कोरड्या केलेल्या.

तर पुढच्या वेळी पाहुणे आले की एक दिवस जास्तीचा काढा. आल्कमारहून निघा, स्खेर्मरहॉर्नच्या चक्क्या करा, मग डी राइप, मग बेम्स्टरच्या सरळ रस्त्यावरून, दिवसभराचा आरामात रस्ता आहे, वारा मागून असेल तर फारच आरामात. ज्यांना सायकल जमत नाही त्यांच्यासाठी पुढे बसायची पेटी असलेली सायकल भाड्याने मिळते, मी बाबांना तशीतूनच नेलं होतं. डी राइपच्या बांधावर ते बराच वेळ एकदा इकडे एकदा तिकडे बघत राहिले. मग खाली उतरून चराच्या कडेला उकिडवे बसले, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, गोडं आहे.